व्होल्टेज पाडायचा रविवार

रविवार, बावीस फेब्रुवारी. ठिकाण: जालना, मस्तगड, आमच्या घराची मागची खोली. हजर: मी, माझा नवरा, त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि टेबलावर एक जुनं वर्कस्टेशन. गैरहजर पण कामात सामील: परदेशातले तीन जण, ज्यांचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. दुपारी चारला हजेरीत गल्लीतली आठ घरं वाढली, पण ते सकाळी माहीत नव्हतं.

शेवटचं वाक्य सोडून हे सगळं मी त्या दिवशी सकाळी नऊला वहीत लिहिलं. मला सगळं वहीत लिहायची सवय आहे. कुणाकडे कुठला डबा गेला, गॅस कधी लावला, पाहुण्यांना चहा किती साखरेचा, सगळ्याला पान आहे. मी एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळते. तिथेही हीच पद्धत, आणि तिथे तिला कुणी हसत नाही.

वर्कस्टेशन घरात आलं ते नवऱ्यामुळे. तो एका लोखंडाच्या कारखान्यात भंगाराची प्रतवारी करतो. देशाच्या कानाकोपऱ्यातून भंगाराचे ट्रक जालन्यात येतात, भट्टीत जातात आणि सळया होऊन निघतात. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने मला फोनवर फोटो पाठवला. गंजक्या कपाटांच्या ढिगात एक निळसर पेटी. पाठोपाठ फोन.

"हे तुझ्या कामाचं हाय का? न्हाईतर संध्याकाळपर्यंत भट्टीत जाईल."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि ओरडले, "हात लावू देऊ नका कुणाला!"

कॉलेजात असताना मी अशा पेटीचा फोटो एका मासिकातून कापून ठेवला होता. त्या काळी या यंत्रांवर सिनेमातली चित्रं आणि पुलांचे आराखडे होत. एका यंत्राच्या किमतीत जालन्यात घर आलं असतं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. पेटी आली, मी ती उघडली, ब्रशने धूळ काढली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती सुरू झाली. आत्याबाई तिला तेव्हापासून डबडं म्हणतात.

पण जुनं यंत्र सुरू होणं वेगळं आणि सुरू राहणं वेगळं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो तो कर्नल. डिस्क, पडदा, नेटवर्क या सगळ्यांशी थेट बोलणारा भाग. मी वापरते तो कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, आणि दोन-सव्वादोन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. प्रत्येक आवृत्तीत हजारो बदल. ते बदल करणाऱ्यांपैकी कुणाकडेच निळी पेटी नसते. त्यामुळे एखाद्या बदलाने हिचं काही मोडलं तर ते सांगायला कुणीतरी खरी पेटी घेऊन बसलेलं असावं लागतं. सहा वर्षं ती मी आहे. देखभाल करणाऱ्यांच्या यादीत या यंत्रापुढे आधी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव होतं. ते एका थंड देशात राहतात, आणि या पेटीसाठीचा कर्नलचा भाग मुळात त्यांनीच लिहिला. नजर कमी झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि यादीत त्यांच्या नावाखाली माझं नाव आलं. वर्षभराने त्यांनी स्वतःचं काढून घेतलं.

यात तुला काय मिळतं, असं माहेरचे विचारतात. पगाराच्या नोकरीत मला जे येतं त्यातलं निम्मं मी या पेटीवर शिकले. आणि जगात अशा पेट्या अजून आहेत. कुठे संग्रहालयात, कुठे एखाद्या प्रयोगशाळेत जुन्या उपकरणाला जोडलेल्या. त्यांचे मालक मला वर्षातून एखादा मेल पाठवतात. एवढं पुरतं.

आता फेब्रुवारीकडे येते. महिन्याच्या सुरुवातीला कर्नलच्या चर्चेत एका ज्येष्ठ माणसाने प्रस्ताव मांडला: या यंत्रासाठीचा भाग काढून टाकावा. कारण साधं होतं. शेवटची यशस्वी चाचणी कळवून बरेच महिने झाले, आणि हा भाग सांभाळताना बाकीच्यांना अडचण होते. कुणाची हरकत असेल तर चोवीस तारखेपर्यंत नव्या आवृत्तीवर खऱ्या यंत्राची चाचणी दाखवावी. नाहीतर पुढच्या आवृत्तीत हे असणार नाही.

त्याचं चुकलं नव्हतं. मी खरोखरच कळवलं नव्हतं. दिवाळीनंतर पेटी मधूनमधून सुरूच होईना. अर्ध्यात अडकायची. पडद्यावर शेवटची ओळ यायची, "डिस्क सापडली नाही", आणि पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी तोच कर्नल नीट चालायचा. अर्धवट माहिती कळवायला मला आवडत नाही, म्हणून मी थांबले होते. आता थांबायला जागा नव्हती. एकदा काढलेला भाग परत घालून घेणं जवळजवळ अशक्य असतं. आम्हा सगळ्यांच्या पेट्या त्या दिवसापासून नुसत्या पेट्या.

मोडणारा बदल शोधायची एक ठरलेली रीत आहे. तार कुठे तुटली ते शोधताना वायरमन पहिल्या खांबापासून सुरू करत नाही. तो मधल्या खांबावर चढतो. तिथे वीज असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्याच्या मधे. तसंच चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधला कर्नल घ्यायचा, लॅपटॉपवर तयार करायचा, पेटीवर चालवायचा, चालला की नाही ते लिहायचं. चौदा-पंधरा खांब चढले की एकच बदल हातात उरतो. मी दोन आठवडे, सकाळी कामावर जायच्या आधी आणि शनिवार-रविवारी, हेच केलं. प्रत्येक चाचणीसमोर तारीख, वेळ, आणि बरोबर किंवा फुली.

शेवटी जो बदल उरला तो मेमरीच्या हिशेबातला होता. डिस्कशी त्याचा संबंध दिसत नव्हता. पण रीतीने तोच दाखवला होता, आणि पंधरा ओळींचा तक्ता माझ्याकडे होता. मी सगळ्यांसमोर मेल लिहिला: या बदलामुळे आमचं यंत्र बंद पडतं. ज्याचा बदल होता तो परदेशातला एक इंजिनिअर. त्याने दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर दिलं. आपण तीनदा तपासलं, असं होण्याचं कारण दिसत नाही, तुम्ही माझा बदल काढून चाचणी केली का?

मी केली. पेटी तरीही अडकली. दुसऱ्या दिवशी त्याचा बदल ठेवून चालवली. चालली.

हे मी प्रामाणिकपणे कळवलं. त्यावर प्रस्ताव मांडणाऱ्याने एकच ओळ लिहिली. चाचणीचे निकाल दर वेळी वेगळे येत असतील, तर हा भाग काढायला तेच कारण पुरे आहे.

म्हणून तो रविवार. यादी छोटी होती. कर्नल एकच, काहीही न बदलता. पेटी दहा वेळा बंद करून सुरू करायची. प्रत्येक वेळी वेळ लिहायची. नवरा घरी होता, त्याला मी पेटीच्या बटणाशी बसवलं आणि स्वतः वही घेतली. पहिल्या चार वेळा पेटी सुरू झाली. चार बरोबर.

"झालं की," नवरा म्हणाला. "सहा खोट्या लिहून टाक, जेवायला बसू."

"तुमच्या कारखान्यात असं करता का?"

"आमच्या कारखान्यात असं केलं तर सळई वाकती. इथं काय वाकणार हाय?"

साडेदहाच्या सुमाराला गल्लीत आरोळी उठली. आमच्याकडे नळ सात-आठ दिवसांनी येतो. तो आला की सगळं काम बाजूला ठेवायचं, ज्याची त्याची मोटार नळाला लावायची आणि हौद भरायचा. मोटार न लावणाऱ्याला पाणी मिळत नाही, कारण शेजारच्याची मोटार ओढून घेते. आत्याबाई अंगणातून ओरडल्या, "अगं नळ आला! मोटार लाव जल्दी!"

नवरा उठून मोटार लावून आला. मी पाचवी चाचणी घेतली. फुली. सहावी. फुली. सातवी. फुली.

मी फुलीकडे बघत होते तेवढ्यात आत्याबाई ओल्या पायांनी खोलीत आल्या.

"ते डबडं बंद कर आधी. त्येच्यापायी मोटार पाणी ओढून न्हाई राह्यली."

"आत्याबाई, याला मिक्सरपेक्षा कमी वीज लागते."

"मंग ते लावलं की मोटार कण्हती कशी? मी काय आंधळी हाये? दर बारीला बघून राह्यली. गेल्या बारीला बी तू इथं बसल्ती अन् हौद निम्मा राह्यला."

"गेल्या वेळी पाणीच कमी सोडलं होतं."

"समद्यांचे हौद भरले, आपलाच न्हाई भरला."

नवरा छताकडे बघत होता. हे भांडण कुणाच्या बाजूने संपतं त्यावर त्याचं जेवण अवलंबून होतं.

मला अशा वेळी पुरावा द्यायची खोड आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आत्याबाई नळ आला त्या तारखेला पेन्सिलने गोल करतात आणि खाली वेळ लिहितात, कधी आला, कधी गेला. अनेक वर्षांची सवय, पाणी सोडणाऱ्याशी भांडताना कामाला येते. नळ आला तेव्हा दर वेळी पेटी चालू नव्हती, हे मला त्यांना दाखवायचं होतं. मी दिनदर्शिका खिळ्यावरून काढून आणली, टेबलावर ठेवली, शेजारी माझी वही उघडली, आणि बोट ठेवून एक-एक तारीख वाचायला लागले.

तिसऱ्या तारखेला माझं बोट थांबलं.

माझी प्रत्येक फुली आत्याबाईंच्या गोलात होती. नुसती तारीख नाही, वेळसुद्धा. नळ अकरा ते एक, माझी फुली सव्वाअकराची. नळ सात ते साडेआठ, माझी फुली आठची. गोलाच्या बाहेर एकही फुली नव्हती. गोलाच्या आत एकही बरोबर नव्हतं. पूर्वी आमचा नळ पहाटे यायचा, दिवाळीपासून तो दिवसा यायला लागला. माझी पेटी बिघडली तीही दिवाळीपासून.

"काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या. "दिसलं का आता?"

"दिसलं."

"मंग बंद कर."

"आता तर मुळीच नाही. अहो, मीटर आणा."

नवऱ्याने व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर आणून भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला. दोनशे तीसच्या जागी एकशे पंचावन्न. वर पंखा आळसावल्यासारखा फिरत होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम लागल्या की व्होल्टेज पडतं, हे आम्हाला सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. घरात स्टॅबिलायझर एकच आहे आणि तो फ्रिजला आहे.

"तुझ्या पेटीला चक्कर येऊन राह्यली," नवरा म्हणाला. "उपाशी हाय ती."

पण उपाशी पेटीने सुरूच व्हायला नको. ही सुरू होत होती, कर्नल उचलत होती, पडद्यावर ओळी येत होत्या. फक्त डिस्क सापडत नव्हती. मी विचार केला. ही पेटी कर्नल डिस्कवरून घेत नाही, नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपमधून घेते. म्हणजे डिस्क पहिल्यांदा फिरायला लागते ती कर्नलने हाक मारल्यावर. जुनी डिस्क, दमलेला वीजपुरवठा, वरून एकशे पंचावन्न व्होल्ट. तिला वेग धरायला नेहमीपेक्षा वेळ लागणार. कर्नल तिच्यासाठी किती वेळ थांबतो?

मी लॅपटॉपवर ती ओळ शोधली. पाच सेकंद.

ओळीच्या शेजारी ती शेवटची कुणी बदलली ते दिसतं. तिथे माझं नाव होतं. दोन वर्षांपूर्वीचं. मूळ आकडा तीस होता, म्हाताऱ्या गृहस्थांनी घातलेला, कारण न लिहिता. मला तो ढिसाळ वाटला होता. माझी डिस्क चार सेकंदांत तयार होत होती, मग तीस कशाला? मी तो पाच केला आणि वर टिपण लिहिलं होतं: "अनावश्यक वाट पाहणं कमी केलं." ते मी पहाटे नळ येण्याच्या काळात केलं होतं, दिवसा व्होल्टेज पूर्ण असताना.

ते टिपण मी पुन्हा वाचलं. गेला आठवडाभर मी एका परक्या माणसाच्या बदलाकडे बोट दाखवत होते, तेही जगासमोर, पंधरा ओळींच्या तक्त्यासह. माझ्या वायरमनने प्रत्येक खांबावर वीज आहे का ते बरोबर पाहिलं होतं. मधूनमधून सगळी गल्लीच अंधारात जाते, हे त्याने धरलंच नव्हतं.

आणि तरी त्या क्षणी मला जे वाटलं ते मुख्यतः हायसं वाटणं होतं. चूक दुसऱ्याची असती तर त्याला पटवा, त्याच्या सवडीची वाट बघा, आणि चोवीस तारीख निघून गेली असती. माझी चूक मी एका मिनिटात दुरुस्त करू शकत होते. पाच खोडून तीस केले आणि नवा कर्नल तयार करायला लावला. दरम्यान आत्याबाईंचा हौद निम्म्याच्या वर भरला.

नवा कर्नल तयार झाला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि नळ गेला होता. मीटरवर दोनशे चोवीस. सुंदर, स्थिर, माझ्या काहीही उपयोगाचं नाही. या व्होल्टेजवर पाच सेकंदांचा कर्नलही चालतो. फरक दाखवायचा तर व्होल्टेज पडायला हवं होतं. पुढचा नळ सात-आठ दिवसांनी, आणि माझ्याकडे दोन दिवस.

जेवताना मी पुढच्या नळाची तारीख मोजत होते. नवऱ्यानेच विषय काढला.

"हौद तर भरले समद्यांचे. आता ते पाणी वरच्या टाकीत चढवायचंच हाय ना? कुणी आज चढवतो, कुणी उद्या. मोटार तीच. एकाच टायमाला लावा म्हणावं."

मी हातातला घास खाली ठेवला. नऊ वर्षांत या माणसाने माझ्या पेटीसाठी केलेली ही दुसरी मोठी गोष्ट.

यादी केली. आमच्या फिडरवरची, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरची आठ घरं, कोण घरी असतं, कोणाशी आत्याबाईंनी बोलावं आणि कोणाशी मी. चार वाजताची वेळ. पहिलं घर समोरच्या निवृत्त गुरुजींचं. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"गुरुजी, चार वाजता हौदातलं पाणी वर चढवाल का? सगळी गल्ली एकदम लावणार आहे."

"का बरं?"

"व्होल्टेज पाडायचंय."

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई, मी पंचवीस वर्षं व्होल्टेज वाढवावं म्हणून अर्ज देऊन राह्यलो. अन् तुम्ही पाडायला निघालात?"

"अर्ध्या तासापुरतं."

"मंग अर्जाची एक कॉपी तुम्हाला देतो. उलटा वाचा."

पण हो म्हणाले. कोपऱ्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकू मला लहान सून म्हणतात, मी पन्नाशीला आले तरी. त्यांना मी जे काही सांगितलं त्यातलं त्यांनी एवढंच घेतलं की आज मोटारी लावायच्या आहेत.

"गिरणी बी लावू का?"

"लावाल?"

"दळण न्हाई आज कुणाचं. थांब, आमचीच ज्वारी हाये. लावते. पण ह्येच्यानं तुला काय भेटणार हाये गं?"

"काकू, एका यंत्राचं नाव यादीतून कटणार आहे. ते वाचवायचंय."

"रेशनच्या का?"

"तसंच समजा."

"मंग लावतेच," काकू म्हणाल्या. रेशनच्या यादीतून नाव कटणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीत कुणाला समजवावं लागत नाही.

चार वाजता नवरा गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि हात वर केला. मोटारी एकेक करत लागल्या, मागून गिरणीचा आवाज आला. मी आत मीटरकडे पाहत होते. दोनशे दहा. एकशे नव्वद. एकशे बासष्ट. पंखा पुन्हा आळसावला. आत्याबाई खोलीच्या दारात उभ्या, हातात दिनदर्शिका. आजच्या तारखेला दुसरा गोल करायचा की नाही, हे त्या मला विचारत होत्या.

आधी जुना, पाच सेकंदांचा कर्नल. तो अडकलाच पाहिजे, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. पेटी सुरू केली, ओळी आल्या, "डिस्क सापडली नाही". फुली. अशी छान फुली मी आयुष्यात काढली नव्हती.

मग नवा. पेटी सुरू. ओळी आल्या, डिस्कपाशी थांबल्या. मी घड्याळाकडे बघून मोजत होते. पाच झाले. सहा. सात. डिस्कचा आवाज हळूहळू चढत होता, जड गाडी चढावर जाते तसा. नऊ. दहा. अकराव्या सेकंदाला डिस्क सापडली आणि बाकीच्या ओळी धडाधड खाली आल्या. शेवटी कर्सर लुकलुकायला लागला.

"चाललं?" आत्याबाईंनी विचारलं.

"चाललं. अजून दोनदा."

दुसऱ्यांदा नऊ सेकंद. तिसऱ्यांदा पेटी सुरू होत असतानाच गुरुजींचा आवाज आला, गच्चीवरून.

"बाई! झालं का न्हाई? टाकी वाहून राह्यली! पाणी सांडून राह्यलं!"

जालन्यात रस्त्यावर पाणी सांडणं ही साधी गोष्ट नाही. तिसऱ्या बरोबरची खूण मी पळत-पळतच केली आणि अंगणातून ओरडले, "झालं! बंद करा! सगळे बंद करा!" मोटारी थांबल्या. गिरणी थांबली नाही. काकूंची ज्वारी अजून व्हायची होती.

साडेपाचला मेल गेला. पहिल्या परिच्छेदात त्या इंजिनिअरची माफी, नावानिशी, कारण आरोपही नावानिशी केला होता. मग माझी दोन वर्षांपूर्वीची चूक. मग दुरुस्ती, एका ओळीची. मग दोन्ही तक्ते, फुल्यांचा आणि नळाचा, शेजारी-शेजारी. नळाचं इंग्रजीत समजावणं अवघड गेलं. मी लिहिलं की आमच्याकडे नळाला पाणी सात-आठ दिवसांनी येतं आणि त्या वेळी सगळी गल्ली एकाच वेळी पंप चालवते. चाचणी कशी घेतली ते लिहिताना शेजारच्या आठ घरांचे आभार मानले, गिरणीसकट.

सोमवारी सकाळी कामावर निघायच्या आधी उत्तरं होती. इंजिनिअरने माफी हसण्यावारी नेली आणि लिहिलं की आपल्या बदलात आपण दुसरीच एक बारीक चूक या निमित्ताने शोधली. म्हाताऱ्या गृहस्थांनी मोठ्या अक्षरांत दोन ओळी पाठवल्या होत्या. त्यांची पेटी गॅरेजमध्ये असायची, हिवाळ्यात तिथे डिस्क गारठून जायची, म्हणून तीस. तेव्हाच कारण लिहून ठेवायला हवं होतं, असं ते म्हणाले. ते मी आता लिहिलं आहे, त्या ओळीच्या वर, थंडी आणि व्होल्टेज दोन्ही.

प्रस्ताव मांडणाऱ्याचं उत्तर मंगळवारी दुपारी आलं. मी ऑफिसात होते, डबा उघडलेला. चाचणीच्या अहवालात पिठाची गिरणी आपण प्रथमच वाचली, असं त्याने लिहिलं होतं, आणि प्रस्ताव मागे घेतला होता. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "कळवतो गल्लीला." संध्याकाळी घरी आले तेव्हा गुरुजी दारातून म्हणाले, "राह्यलं का नाव?" "राहिलं," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पेपर वाचायला लागले. आत्याबाईंनी त्या रविवारच्या तारखेला दोन गोल केले होते, दुसऱ्याखाली चार ते साडेचार.

मात्र उत्तराच्या शेवटी एक अट होती, आणि ती रास्त होती. एकाच यंत्रावर, एकाच माणसावर हा भाग टिकू शकत नाही. वर्षाच्या आत दुसऱ्या पेटीवरची, दुसऱ्या माणसाने केलेली चाचणी हवी.

दुसरी पेटी सापडली आहे. परतूरला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, बारदानाखाली. मालक नवऱ्याच्या ओळखीचे, ते म्हणाले घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. दुसरा माणूसही सापडला आहे. परतूरलाच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई. फोनवर त्यांनी अर्धा तास मला नुसते प्रश्न विचारले, त्यातला एकही फालतू नव्हता. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पेटी घेऊन या तर खरं, बाकीचं मी बघून घेते."

जिनिंगमधून पेटी उचलून बाईंकडे पोचवायला जायचं ठरवून तीन शनिवार गेले. पहिल्याला लग्न होतं, दुसऱ्याला ऑफिसातला सर्व्हर बसला, तिसऱ्याला नवऱ्याच्या मित्राची पिकअप शहागडला माल घेऊन गेली. वहीत पान तयार आहे: जादा डिस्क, नेटवर्कची केबल, मल्टिमीटर, ब्रश, जुनी चादर गुंडाळायला. सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलं आहे. या शनिवारी पिकअप मोकळी आहे का, एवढं अजून विचारायचं राहिलं आहे.